एक पेशी थांबते

बसा. जिथे असाल तिथेच बसा.

पाठ जरा सैल सोडा. खांदे खाली येऊ द्या. कशाचीच घाई नाही.

हे मनन थोडं थोडं वाचायचं आहे. चार ओळी वाचा, डोळे मिटा, मग पुढे या. मध्येच मन भटकलं तर भटकू द्या. ते परत येईल, तेव्हा इथून पुढे वाचू.

आता एका हाताची दोन बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवा. अंगठ्याच्या बाजूला. दाबू नका. नुसती टेकवा.

वाट पाहा.

एक ठोका. मग एक. मग आणखी एक.

मोजू नका. फक्त बोटाखाली जे उमटतंय, त्याच्याजवळ राहा.

प्रत्येक ठोक्याला हृदय साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम ५ लिटर रक्त. म्हणजे तुम्ही असे शांत बसलेले असताना, मिनिटाभरात तुमचं जवळजवळ सगळं रक्त हृदयातून एकदा जाऊन येतं.

ते एक मिनिट होऊ द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

झालं. तुम्ही काहीच केलं नाहीत. तरी रक्त पायाच्या बोटांपर्यंत गेलं, कानाच्या पाळीपर्यंत गेलं, आणि परत आलं.

हात आता मांडीवर ठेवा.

मनात एक नळी आणा. काचेची, करंगळीएवढ्या जाडीची. रक्त तपासायला देताना पाहिली असेल, तशी.

तिच्यात ७.५ मिलिलिटर रक्त आहे. घरातला लहान चमचा दीड वेळा भरेल, इतकंच.

रंग पाहा. शिरेतून काढलेलं रक्त धमनीतल्यापेक्षा काळपट असतं. नळी जराशी कलती केली, की काचेवर एक पातळ लाल थर रेंगाळतो आणि सावकाश खाली उतरतो.

त्या थराकडे पाहा.

तो एकसंध दिसतो. तो एकसंध नाही.

जवळ या. आणखी जवळ.

रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५०० कोटी लाल पेशी असतात. त्यांच्यात पांढऱ्या पेशी, ४० लाखांपासून कोटभरापर्यंत. शिवाय रक्त गोठवणाऱ्या बारीक बिंबिका.

हा आकडा मनात धरायला जाऊ नका. तो मावणार नाही. नाही मावला तर नाही मावला.

त्यातली एकच लाल पेशी पाहा.

ती गोल आहे, चपटी आहे, मध्ये दबलेली आहे. रुंदी ७–८ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्या पोटात केंद्रक नाही. प्राणवायू वाहून नेण्यासाठी तिने ती जागा मोकळी केली आहे. ती सुमारे १२० दिवस जगते, आणि तेवढे दिवस ती फिरतच असते.

तिला जाऊ द्या. तिच्या मागून दुसरी येते. तिलाही जाऊ द्या.

आता थोडं थांबा.

या गर्दीत एखादी पेशी अशी असू शकते, जी इथली नाही.

भिऊ नका. आपण फक्त पाहतोय.

ती रक्तात जन्मलेली नाही. ती एखाद्या अवयवातून आली आहे. स्तनातून, फुप्फुसातून, आतड्यातून. तिथे पेशी एकमेकींना धरून राहतात. त्यांच्या अंगावर तशी प्रथिनंच असतात. त्यातल्या एकाला एपकॅम म्हणतात. अवयवांच्या अस्तरातल्या पेशींवर ते सापडतं. रक्तातल्या पेशींवर ते नसतं.

कुठेतरी एक गाठ वाढते आहे. त्या गाठीतल्या एका पेशीने शेजारणीचा हात सोडला. ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरली. आता ती प्रवाहात आहे.

ती लाल पेशींपेक्षा मोठी आहे. साधारण दुप्पट रुंद. तिच्यात केंद्रक आहे. तिच्या अंगावर एपकॅम अजून आहे.

आणि ती एकटी आहे. ज्यांचा कर्करोग शरीरात पसरला आहे, त्यांच्या मिलिलिटरभर रक्तातसुद्धा अशा पेशी बहुधा एक ते दहाच. पुष्कळदा एकही नाही.

५०० कोटींत एक.

या शब्दांजवळ थोडा वेळ राहा.

ती फार काळ तिथे नसेलही. रक्ताचा वेग, पांढऱ्या पेशींचा पहारा, अरुंद केशवाहिन्या. यांतून जाताना अशा बहुतेक पेशी काही तासांतच मरून जातात. फार थोड्या पार होतात. त्यातल्या एखादीला दूर कुठेतरी जागा मिळते, आणि तिथे नवी गाठ धरते.

श्वास घ्या. सोडा.

आता मेलबर्नला चला. साल १८६९.

एक डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले आहेत. त्यांचं नाव थॉमस अॅशवर्थ. त्यांच्यासमोर कर्करोगाने गेलेल्या एका माणसाचं रक्त आहे. पायातल्या शिरेतून घेतलेलं.

त्यांच्या बाजूला उभे राहा. बोलू नका.

ते काच हलवतात. लाल पेशी. पुन्हा लाल पेशी. मग काहीतरी वेगळं. मोठं. त्यांची नजर तिथे अडते.

त्याच माणसाच्या गाठींमधल्या पेशी त्यांनी पाहिलेल्या आहेत. आता रक्तातली ही पेशी ते त्यांच्याशी ताडून पाहतात. दोन्ही सारख्याच आहेत.

गाठीतली पेशी रक्तातून जाते आहे, हे त्यांनी लिहून ठेवलं.

तेव्हा अशा पेशी वेगळ्या काढायची काही सोय नव्हती. होती ती एक भिंग लावलेली नळी आणि पाहत राहणारा डोळा. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं ही पेशी हाती लागण्याजोगी झाली नाही.

त्यांना तिथेच, भिंगावर वाकलेले, राहू द्या. आपण पुढे जाऊ. पुढे म्हणजे आणखी बारीक जागेत.

तुमच्या उजव्या हाताचं कोणतंही एक नख पाहा.

नुसतं पाहा. त्याची कड. त्याच्या मुळाशी असलेला फिकट चंद्र.

हे नख वाढतं आहे. आत्ता, तुम्ही पाहत असताना. सेकंदाला सुमारे एक नॅनोमीटर.

एक श्वास घ्या. सावकाश. त्या श्वासात ते चार-पाच नॅनोमीटर पुढे आलं.

तुम्हाला दिसलं नाही. कुणालाच दिसत नाही. तरी ते घडलं.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपला केस ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. ज्या पेशीच्या मागावर आपण आहोत, ती सुमारे १५,००० नॅनोमीटर रुंद. आणि शरीरातला एक प्रतिपिंड, म्हणजे परक्याला ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन, जेमतेम १० नॅनोमीटरचं.

नखाकडे पुन्हा एकदा पाहा.

आपल्याला आता जे पाहायचंय, ते या मापाचं आहे.

सिलिकॉनची एक चकती. चकचकीत. तिच्यात चेहरा दिसेल इतकी गुळगुळीत.

तिच्यावर चांदीच्या क्षाराचं आणि आम्लाचं द्रावण ओततात. आम्ल सिलिकॉन कोरत जातं. चांदीचे कण जिथे बसले, तिथे ते खोल खोल उतरतं. थोड्या वेळाने चकतीची चमक जाते. ती काळसर, मंद दिसू लागते.

त्या मंदपणाच्या आत उतरा.

तिथे खांब उभे राहिलेत. दाटीने, उभेच्या उभे. एकेकाची जाडी १०० ते २०० नॅनोमीटर. एका पेशीच्या पायाखाली असे कितीतरी.

बोट फिरवलं तर काही कळणार नाही. पेशीला कळतं.

कारण पेशीचं अंगही गुळगुळीत नाही. तिच्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या असतात, केसासारखे धागे असतात, चाचपडणारी लांब बोटं असतात. त्यांची जाडीही याच मापाची. शंभरेक नॅनोमीटर.

पावसाळा सरल्यावर माळावरून चालत आलेल्या माणसाच्या धोतराच्या काठाला, साडीच्या निऱ्यांना कुसळं लागलेली असतात. कुसळ धावत येऊन पकडत नाही. ते आपल्या जागी उभं असतं. कापड जवळून जातं, धागा अडतो, आणि ते तिथे राहतं.

या चकतीवर तसंच घडतं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शियान-रोंग त्सेंग यांच्या गटाने २००९ मध्ये हे दाखवलं. सपाट सिलिकॉनवर आणि खांबांच्या सिलिकॉनवर एकच प्रतिपिंड लावला, तो एपकॅमला ओळखणारा. सपाट भागावरून बहुतेक पेशी निसटून गेल्या. खांबांवर कितीतरी जास्त राहिल्या. त्या चिपला पुढे नॅनोव्हेल्क्रो हे नाव पडलं. व्हेल्क्रोची पट्टीसुद्धा जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला कपड्याला चिकटलेल्या बियांकडे भिंगातून पाहतानाच सुचली होती.

नाव विसरलात तरी चालेल.

खांब लक्षात ठेवा. ते स्थिर आहेत. ते वाट पाहतायत.

आता रक्त सोडू.

सावकाश.

आणखी सावकाश.

शरीरात ते मिनिटाला ५ लिटर वाहत होतं. इथे इतकं मंद सोडतात, की तासाभरात एक-दोन मिलिलिटरच पुढे जातं. चमचाभर रक्तालासुद्धा काही तास लागतात.

हा वेग मनात आणा. तो वेग आहे असंही वाटत नाही.

तुमचा श्वासही जरा लांबू द्या.

लाल पेशी येतात. खांबांवरून घरंगळतात. त्यांच्या अंगावर एपकॅम नाही. त्यांना इथे कुणी ओळखत नाही. त्या जातात.

आणखी येतात. जातात.

आणखी येतात. जातात.

पांढऱ्या पेशी येतात. काही क्षणभर रेंगाळतात. बहुतेक जातात.

पाहत राहा. कंटाळा आला तर कंटाळ्यासकट पाहत राहा.

मग ती येते.

ती मोठी आहे. ती वळते. तिच्या एका बोटाचं टोक एका खांबाला लागतं.

थांबा इथे.

अजून काही झालेलं नाही. फक्त स्पर्श झालाय.

खांबावरच्या प्रतिपिंडाला एपकॅम सापडतं. एक बंध पडतो. तो एकटा फार दुबळा आहे. प्रवाह जरा जोरात असता, तर तो तुटला असता.

प्रवाह जोरात नाही.

पेशी थोडी पुढे सरकते. दुसरा बंध पडतो. तिसरा. मग तिचं अंग खांबांवर टेकतं, आणि शेकडो जागी एकाच वेळी ओळख पटते.

ती थांबते.

तिच्या दोन्ही बाजूंनी लाल पेशी जातायत. वरून जातायत. ती हलत नाही.

हेच चित्र धरा. सगळं वाहतंय, आणि एक पेशी थांबली आहे.

याच्याजवळ राहा. हवा तितका वेळ.

इथे कुणी कुणाला पकडलं नाही, हे पाहिलंत का. जागा तयार होती. वेग कमी होता. जिला अडायचं होतं, ती अडली.

आणखी एक श्वास. मग पुढे.

बोस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अशीच एक चिप २००७ मध्ये तयार झाली. तिच्यात ७८,००० बारीक खुंट होते, नॅनोमीटरच्या मापाने पाहिलं तर बरेच मोठे. तिच्यावरच्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका सुनीता नागरथ. पुढे मिशिगन विद्यापीठात त्यांच्या गटाने सोन्याची फुलाच्या आकाराची नक्षी केली आणि तिच्यावर ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे बसवले. कागदाहून कितीतरी पटींनी पातळ. त्या पापुद्र्यांवर प्रतिपिंड. पुन्हा तेच. पृष्ठभाग, मंद प्रवाह, वाट पाहणं.

एक वेगळी वाटही आहे. तिथे चकती पेशीची वाट पाहत बसत नाही. कण पेशीकडे जातात.

नळीकडे परत या. ७.५ मिलिलिटर.

तिच्यात लोहाचे नॅनोकण सोडले आहेत. प्रत्येक कणावर तोच प्रतिपिंड. कण रक्तात पसरतात. दिसत नाहीत. बुडतही नाहीत, कारण ते तितके बारीक आहेत.

थोडा वेळ त्यांना फिरू द्या.

ते लाल पेशींना लागतात आणि सुटतात. लागतात आणि सुटतात. एपकॅम असलेली पेशी भेटली, की तिच्या अंगावर बसतात. एक बसतो. मग पुष्कळ बसतात.

आता नळीच्या बाजूला चुंबक आणतात.

आवाज होत नाही. काही हललेलंही दिसत नाही. पण ज्या पेशीने लोहाचे कण अंगावर घेतले आहेत, ती भिंतीकडे सरकू लागते.

तिला सरकताना पाहा.

ती काचेला टेकते. बाकीचं रक्त ओतून देतात. ती तिथेच राहते.

अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झालेली सेलसर्च ही तपासणी अशी चालते. आणि हे दूरच्याच देशात घडतं असं नाही. पुण्यातल्या अॅक्टोरियस या कंपनीची ऑन्कोडिस्कव्हर ही तपासणीही चुंबकीय नॅनोकणांवर उभी आहे, आणि तिला आपल्या देशात परवानगी मिळाली आहे.

चुंबक बाजूला ठेवा. हातही सैल सोडा.

आता पेशी धुतात. हळुवार. मग तिला रंग देतात.

एक रंग केंद्रकात शिरतो. तो निळा चमकतो. दुसरा रंग अस्तरातल्या पेशींच्या धाग्यांवर बसतो. तिसरा फक्त पांढऱ्या पेशींवर बसतो.

खोलीत अंधार करू. तुम्हीही क्षणभर डोळे मिटा.

उघडा.

काळ्यावर एक निळा ठिपका. त्याच्याभोवती दुसऱ्या रंगाचं कडं. तिसरा रंग नाही.

ती हीच.

यंत्र अशा जागांची चित्रं काढून देतं. पण ही पेशी आहे की नाही, हे शेवटी एक माणूस ठरवतो. पडद्यासमोर बसून, एकेक चित्र बघत. केंद्रक आहे का. कडं पूर्ण आहे का. की हा नुसता कचरा आहे.

मेलबर्नमध्ये जे चाललं होतं, तेच इथे चाललं आहे. फक्त आता गर्दी बाजूला झालेली आहे.

त्या माणसाच्या डोळ्यांनी थोडा वेळ पाहा.

आणखी एक पाहायचं आहे. सोडणं.

पेशी नुसती मोजून भागत नाही. तिच्या आत काय बदललंय, कोणतं औषध तिला लागू पडेल, हे विचारायचं तर ती अखंड हवी. ओरबाडून काढली तर ती फाटेल.

म्हणून त्याच लॉस एंजेलिसच्या गटाने खांबांवर एक खास बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, चढवलं. ३७ अंश सेल्सियसला, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत, ते आक्रसून राहतं आणि प्रतिपिंड वर उघडे राहतात. पेशी चिकटते. ४ अंशांपर्यंत गार केलं, की ते पाणी पिऊन फुगतं. प्रतिपिंड आत झाकले जातात.

पकड सैल होते.

पेशी उचलली जाते. तिला ओरखडाही नाही.

दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवा. उबेत धरणं. गारव्यात सोडणं.

एवढंच जाणवू द्या.

आणि इथे एक दिलासा.

रक्तात भेटणारी प्रत्येक अनोळखी पेशी आजाराची नसते.

बाई गरोदर असते, तेव्हा बाळाच्या काही पेशी तिच्या रक्तात येतात. त्याही अशाच विरळ. त्या पकडायलाही याच प्रकारची चकती वापरून पाहिली आहे. पोटाला सुई न टोचता बाळाच्या गुणसूत्रांकडे पाहता यावं, म्हणून.

त्यातल्या काही पेशी बाळंतपणानंतरही जात नाहीत. १९९६ मध्ये एका अभ्यासात दिसलं, की मुलगा होऊन २७ वर्षं झाली तरी आईच्या रक्तात त्याच्या पेशी सापडल्या.

सत्तावीस वर्षं.

तुमची आई कुठे आहे, हे मनात येऊ द्या. ती असो, नसो. तिच्या अंगात तुमच्या काही पेशी फिरत असतील, किंवा फिरून गेल्या असतील.

या विचाराला काही करायला लावू नका. तो आहे तिथे असू दे.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता शेवटची काच.

तिच्यावर काहीच नाही.

रक्त गेलं. धुणं झालं. रंग दिले. अंधार केला. निळा ठिपका एकही नाही.

या रिकाम्या काचेकडेही तितक्याच लक्षाने पाहा.

ती काय सांगते? थांबा. उत्तराची घाई करू नका.

कदाचित रक्तात अशी पेशी नव्हतीच. कदाचित होती, पण या दीड चमच्यात आली नाही. कदाचित आली, पण प्रवासात तिने अंगावरचं एपकॅम उतरवून ठेवलं होतं. काही पेशी तसं करतात. मग खांब तिला ओळखत नाहीत. ती लाल पेशींबरोबर निघून जाते.

आजार जितका लहान, तितक्या या पेशी कमी. लवकर शोधायचं म्हणजे जवळजवळ नसलेलं शोधायचं. म्हणून सेलसर्चसारखी तपासणी आज मान्य आहे ती, ज्यांचा स्तनाचा, पुरःस्थ ग्रंथीचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग आधीच पसरला आहे, त्यांच्यासाठी. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात ७.५ मिलिलिटरमध्ये ५ किंवा अधिक पेशी मिळाल्या, की पुढची वाट जास्त अवघड असते. धडधाकट माणसाला आजार फार आधी सांगावा, हे काम अजून प्रयोगशाळांत चाललं आहे. खांब आणखी बारीक होतायत. पापुद्रे आणखी पातळ.

तिथे कुणीतरी आत्ताही प्रवाह मंद करून बसलं आहे.

आणि कुठेतरी कुणीतरी रिपोर्टची वाट पाहत बसलं आहे. बाकावर, हातात फाइल घेऊन. तुम्ही तसे कधी बसला असाल. किंवा आत्ताही बसलेले असाल.

त्या बसलेल्या माणसासाठी एक श्वास सोडा. सावकाश.

एवढं बारीक पाहून झालं. आता लक्ष आपल्या मोठ्या, रोजच्या शरीराकडे आणा.

इथे नॅनोमीटर लागत नाही. इथे उजेड लागतो, आरसा लागतो, आणि थोडी सवड.

भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. दोन्ही जागा आपल्या नजरेच्या आणि हाताच्या टप्प्यात आहेत.

आरशासमोर उभे राहा. उजेड तोंडावर येऊ द्या. तोंड उघडा. ते पूर्वीइतकं उघडतं का, ते पाहा.

गालाची आतली बाजू. एक, मग दुसरी. जीभ बाहेर. जिभेची कड. जिभेखालची जागा. हिरड्यांच्या मागे, जिथे तंबाखू किंवा सुपारी दाबून ठेवायची सवय असते, ती जागा.

घाई नको. रक्ताला जितका वेळ दिला, त्यातला थोडा इथे द्या.

पांढरा किंवा लाल चट्टा. न दुखणारी जाड जागा. बरी न होणारी जखम.

मग छाती. काखेपर्यंत. बोटांच्या सपाट भागाने, हळू. कालपर्यंत नव्हतं असं काही लागतं का. दुखत नाही म्हणून ते सोडून देऊ नका. सुरुवातीला पुष्कळदा दुखत नाही.

जे हाताला लागेल, त्याचं नाव तुम्ही ठरवू नका. ते डॉक्टरांनी ठरवायचं, तपासून, गरज पडली तर तुकडा काढून.

तुमच्याकडे काम एवढंच, की नजर जिथे अडली तिथून ती पुढे रेटायची नाही.

दोन-तीन आठवडे होऊनही न भरलेली जखम असेल, किंवा नवी गाठ लागली असेल, तर उद्या सकाळी फोन लावा आणि वेळ घ्या. भीती वाटत असेल तर घरातल्या कुणाला सोबत न्या. आणि आज काहीच सापडलं नसेल, तर महिन्याभराने पुन्हा एकदा पाहा.